डावं मडगार्ड

कुठलीही गाडी शेडमध्ये आली की तो आधी हात धुवायचा. मग डोळे मिटून उजवा तळवा बॉनेटवरून, दारावरून थेट डिकीपर्यंत सावकाश फिरवायचा आणि गाडीला म्हणायचा, "आधी गाव सांग, मग दुखणं सांग."

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत आमच्या शेड एकमेकींना चिकटून होत्या. तो ठोकून चेपलेला पत्रा सरळ करायचा, मग मी त्यावर रंग मारायचो. मी खुलताबादकडच्या डोंगरातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो पैठणच्या बाजूचा. सगळी गल्ली त्याला मिस्तरी म्हणायची. तो मला रंगारी म्हणायचा. आम्ही एकमेकांना दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

त्या काळी औरंगाबादेत जुन्या जहागीरदारांच्या घरांतून परदेशी गाड्या निघायच्या. कुणाच्या तबेल्यात इंग्रजी, कुणाच्या बागेत जर्मन. मिस्तरीनं हिंदुस्थानाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं, पण प्रत्येक देशाबद्दल त्याचं मत ठाम होतं. इंग्रजी गाडी आली की म्हणायचा, "वरून साहेब, खालून तेल गळतंय." जर्मन गाडीला तो कायदेवाली म्हणायचा, कारण एक नट चुकला तरी ती रुसायची. अमेरिकन गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणायचा, "ह्यात आपलं अर्धं गाव बसंल, पण वळवायची कुठं?" मी म्हणायचो, "अरे, लोखंड सगळीकडचं सारखंच." तो हसायचा. "ज्वारी बी सारखीच असती. तुझ्या आईची भाकर आन् हाटेलातली भाकर सारखी लागती व्हय?"

त्याची ही मतं मी करमणूक म्हणून ऐकायचो. तुम्हीही ऐकली असती. ती लाल गाडी आली तोवर मला वाटायचं, हा सगळा बोलण्याचा सोस आहे.

गाडी इटलीची होती. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, शर्यतीच्या जातीची. खुलताबादच्या एका जुन्या बागेत ती कित्येक पावसाळे पडून होती आणि चिंचेची मोठी फांदी पडून तिचं डावं मडगार्ड पार फाटलं होतं. चितेगावला नवा कारखाना काढलेल्या एका साहेबांनी ती विकत घेतली. शेतीवाडीवाल्या मोठ्या घरातले गृहस्थ, कारखान्यात शिरलेली त्यांची पहिलीच पिढी. इंजिन त्यांनी कारखान्यातच दुरुस्त करून घेतलं होतं. पत्र्याचं मात्र कुणाला जमेना, म्हणून टेम्पोवर घालून ती आमच्या गल्लीत आणली.

मिस्तरीनं हात धुतले, डोळे मिटले. उजव्या मडगार्डावरून तळवा फिरला आणि थांबला. त्यानं पुन्हा फिरवला. मग बॅटरी घेऊन तो गाडीखाली शिरला, तो बाहेरच येईना. साहेब ताटकळत उभे. शेवटी तो बाहेर आला तेव्हा केसांत जाळी, तोंडावर माती, आणि चेहरा असा की मी घाबरलो. देवळातून आलेल्या माणसासारखा.

"रंगारी, हे यंत्रानं केलेलं नाय. हातानं ठोकलंय. आतून सगळे ठोके दिसतेत. आन् ठोकणारा डावखुरा व्हता."

"कशावरून?"

"ठोके उलट्या बाजूनं कलल्यात. ये, बघ."

मी खाली शिरलो. बाहेरून पाण्यासारखा गुळगुळीत असलेला तो ॲल्युमिनियमचा पत्रा आतून ठोक्यांनी भरलेला होता, ओल्या वाळूवर पावसाचे थेंब पडावेत तसा. कुण्या अनोळखी माणसानं समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शेडमध्ये बसून मारलेले ते ठोके. कितीतरी वर्षं गाड्या रंगवल्या, पण त्यांच्या आत माणूस असतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

साहेब म्हणाले, "मिस्तरी, ही इटलीची कारागिरी आहे. त्या लोकांच्या रक्तातच असतं ते. नवं मडगार्ड तिकडूनच मागवावं म्हणतो."

"रक्तात असतं तर त्याला हातोडी कशाला लागली असती, साहेब?" मिस्तरी म्हणाला. "मला करू द्या. नाय जमलं तर मागवा."

साहेब हो म्हणाले. मनापासून म्हणाले असं वाटलं नाही.

त्या दिवसापासून तो डावखुरा इटालियन आमच्या गल्लीत राहायला आला. मिस्तरी त्याला पाव्हणे म्हणायचा. सकाळी शेड उघडली की गाडीखाली वाकून, "जय भीम, पाव्हणे." काही अडलं की, "थांब, पाव्हण्याला इचारतो." चहा आला की पाव्हण्याच्या नावानं एक घोट आधी जमिनीवर सांडायचा. चहावाला वैतागायचा, त्याला वाटायचं चहा पसंत नाही.

पत्र्याला साबण चोळायचा, खालून आच द्यायची, साबण काळपट झाला की आच काढायची. मग पत्रा मऊ होतो. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं त्याला बाक द्यायचा. हे सगळं मी बघत बसायचो. उजव्या मडगार्डाची मापं उलटी करून त्यानं डावं बनवलं. गाडीला लावलं, तर दाराशी बोटभर फट.

मी म्हणालो, "लांबीचा लगदा भरून टाकू, वरून रंग मारला की दिसायचं नाही."

तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच मान खाली घातली. मग तो पुन्हा गाडीखाली गेला आणि हसतच बाहेर आला. "पाव्हण्यानं दोन्ही बाजू येगयेगळ्या केल्यात! त्यानं माप घेतलंच नाय. डोळ्यानं जुळवलंय." बनवलेलं मडगार्ड त्यानं कात्रीनं कापून टाकलं. आता पाहुण्यासारखंच करायचं म्हणून त्यानं हातोडी डाव्या हातात धरली. आठवडाभर त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

ह्याच सुमारास नामांतराचा ठराव झाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. मिस्तरी आधीच्या मोर्चांना जायचा, परत येऊन पुन्हा कामाला लागायचा. पण त्या दिवसांत गावागावातून भलत्याच बातम्या यायला लागल्या. एके दुपारी पैठण रस्त्यानं आलेल्या एका ट्रकवाल्यानं त्याला गल्लीच्या तोंडाशी बोलावून काहीतरी सांगितलं. मिस्तरी हातातली मोगरी घेऊनच ट्रकमध्ये चढला.

तीन-चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. शहरात दुकानं बंद, रस्त्यावर पोलीस. तो आला तेव्हा सोबत त्याची म्हातारी आई होती. तिच्या हातात एक पितळी तांब्या, बाकी काही नाही. गावातली त्यांची वस्ती जाळली होती.

आई त्या शेडमध्येच राहिली, लाल गाडीशेजारी पोतं अंथरून. मिस्तरी दिवसभर बसून असायचा. हातोडी उचलत नव्हता. गाडीखाली वाकत नव्हता. मी भाकरी घेऊन जायचो, आई जेवायची, तो घास हातात धरून बसायचा. मग मीही बसून राहायचो.

म्हातारी गाडीकडं टक लावून बघायची. एकदा तिनं मला विचारलं, "ह्यात दोघंच बसत्यात व्हय रे? मंग घरच्या बाकीच्यांनी काय करायचं?" मला हसू आलं. मिस्तरीही किंचित हसला. तेव्हा तिनं त्याला म्हटलं, "ठोक की रे बाबा. ठोकल्याचा आवाज आला म्हंजी मानूस जिता हाय असं वाटतं."

त्यानं हातोडी उचलली. ह्या वेळी उजव्या हातात, आणि ठोके इतके हलके की शेजारच्या शेडमध्ये मला कान द्यावा लागायचा.

मडगार्ड अर्धं झालं होतं तेव्हा साहेब टेम्पो घेऊन आले. त्यांच्या भाऊबंदांनी त्यांचे कान भरले होते. ते आमच्याकडं न बघता म्हणाले, "दिवस वाईट आहेत मिस्तरी. शेडला कुणी काही केलं तर? गाडी घेऊन जातो."

मिस्तरी उठला. "गाडी तुमची हाय, न्या. डावं मडगार्ड ऱ्हाऊ द्या. ते अजून कुणाचंच नाय."

टेम्पोवाला दोर सोडून उभा. म्हातारी हळूच उठली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि साहेबांसमोर धरलं. "उकडतंय लई. पाणी घ्या."

साहेबांनी पेल्याकडं पाहिलं. त्यांच्या घरात हे पाणी चालत नव्हतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. टेम्पोचं इंजिन तेवढं धडधडत होतं. मग त्यांनी पेला घेतला, सगळं पाणी प्यायले आणि तिथंच पोत्यावर बसले. "आई, तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते बराच वेळ बसून होते. जाताना टेम्पो रिकामाच गेला.

मडगार्ड पूर्ण झालं आणि गाडीला असं बसलं की दाराशी नख शिरेना. रंग मारायच्या आधी साहेबांनी पुण्याहून एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावून घेतलं. तरुणपणी त्यांनी इटलीतच अशा गाड्यांच्या शेडमध्ये उमेदवारी केली होती. ते आले, कोट काढला, आणि न विचारता हात धुवायला पाणी मागितलं. मिस्तरीनं माझ्याकडं पाहिलं.

म्हाताऱ्यांनी दोन्ही बाजूंवरून तळवा फिरवला, मग बॅटरी घेऊन खाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "उजवं इटलीचं आहे. डावं नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. मिस्तरीचा मात्र उजळला. तो लहान पोरासारखा पुढं आला. "कसं वळखलं तुम्ही?"

"उजव्या बाजूचा माणूस जोरकस होता. धडाधड ठोके, मागं वळून न बघता. बिनघोर माणूस. तिथं असे पुष्कळ होते, गात गात ठोकायचे." त्यांनी डाव्या मडगार्डावर बोटं टेकवली. "डाव्या बाजूचे ठोके ज्यानं मारले, त्याला पत्र्याला लागेल अशी भीती वाटत होती. एवढ्या हलक्या हाताचं काम मी तिथं पाहिलं नाही."

"म्हणजे कमी पडलं?" साहेबांनी विचारलं.

"कमी नाही हो. हे दुसऱ्या देशाचं आहे, एवढंच. गाडीला आता दोन देश झाले."

मिस्तरी शेडच्या कोपऱ्यात गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

म्हाताऱ्यांनी मग साहेबांना खाली बोलावलं. मडगार्डाच्या आतल्या बाजूला छिन्नीनं अक्षरं कोरली होती. साहेब वाकून वाचत होते. मीही डोकावलो. मिस्तरीनं स्वतःचं नाव घातलं नव्हतं. गावाचं घातलं होतं, त्याच्या जळालेल्या वस्तीच्या गावाचं.

"हे कशाला, मिस्तरी?" साहेबांनी विचारलं.

"कुठं बनलं ते लिवतेत ना गाडीवर?"

ते नाव मी इथं लिहीत नाही. गाव आता आपल्या कामाला लागलं आहे, तिथं नव्या घरांत लेकरं खेळतात. त्या दिवसांत मात्र ते नाव जिल्ह्यातल्या प्रत्येक तोंडी होतं. साहेब गुडघ्यांवरची माती झटकत उठले. ते अक्षरं घासायला सांगतील असं मला वाटलं. ते माझ्याकडं वळले. "रंगारी, आतून तेवढ्या जागेवर रंग चढवू नका."

गाडी सुरू झाली तो दिवस मला विसरता येत नाही. साहेबांनी मिस्तरीला शेजारी बसवून खुलताबादच्या घाटात नेली. मी वरच्या वळणावर थांबलो होतो. आधी नुसता आवाज आला, खोल दरीतून एखादं मोठं जनावर गात वर यावं तसा. मेंढरांनी चरायचं सोडून माना वर केल्या. मग तांबडी रेघ दिसली, वळण घेऊन माझ्यासमोरून गेली, आणि मिस्तरीचे डोळे मिटलेले होते.

पुढं शहराभोवती कारखाने वाढत गेले. साहेबांनी एकदा त्याला एका नव्या कारखान्यातला प्रेस दाखवायला नेलं. एका दणक्यात आख्खं मडगार्ड बाहेर. परत आल्यावर दोन दिवस तो त्याबद्दलच बोलत होता. त्याला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण तो हरखून गेला होता. "एका ठोक्यात, रंगारी! केवढी ताकद! पाव्हण्यानं बघायला पायजे व्हतं." त्याचा धंदा मात्र त्याच ठोक्यांनी हळूहळू बसवला. आई गेली, ती शेडमध्ये नाही, त्यानं मुकुंदवाडीत बांधलेल्या दोन खोल्यांत. आणि उभ्या जन्माच्या ठोकाठोकीनं त्याचे कान गेले. शेवटी शेवटी आम्ही खाणाखुणांनी बोलायचो.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्याला शेवटचं चांगलं पाहिलं ते विद्यापीठाला नाव लागलं त्या संक्रांतीला. तो पांढरा सदरा घालून मला न्यायला आला. गेटपाशी माणसांचा समुद्र होता. बायका लेकरांना खांद्यावर घेऊन उभ्या, म्हातारे काठ्या टेकत आलेले. घोषणा उठली की माझ्या पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची. मिस्तरी वळून वळून लोकांची उघडी तोंडं बघत होता. मग त्यानं माझा दंड धरून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या चढ्या आवाजात विचारलं, "लई मोठा आवाज हाय व्हय?"

मी जोरजोरात मान हलवली. त्यानं समाधानानं मान डोलावली, आणि आपलंही तोंड उघडलं.