तरवडावरचा पिवळा कोळी

औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर देवला राठोडचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, नागनाथाला आलेली जोडपी, सगळ्यांचे फोटो तो काढायचा. पण छत्तीस फोटोंच्या रिळातले शेवटचे चार-पाच फोटो त्याचे स्वतःचे. ते शिल्लक ठेवून स्वारी बांधाबांधानं हिंडायची आणि रानफुलांत दबा धरून बसलेले शिकारी किडे टिपायची. त्याचा अख्खा बंजारा तांडा हसायचा. "नवरी सोडून किड्याच्या मागं लागलंय पोरगं," असं त्याची आई जिवनबाईसुद्धा म्हणायची.

१९९८ साली बोंडअळीनं कापूस पोखरला आणि तांड्याशेजारचे शेतकरी सोनाजीबापू चवताळले. कीड बांधावरच्या तरवडात लपते, असं त्यांच्या डोक्यात बसलं. समदा बांध पेटवतो म्हणाले. पण देवलाला ठाऊक होतं, तरवडाच्या पिवळ्या फुलात तितकाच पिवळा कोळी राहायचा, आणि तो त्या अळीचेच पतंग धरून खायचा. देवलानं बापूंना नेऊन दाखवलं, तर त्यांना फुलाशिवाय काही दिसेना.

"पुरावा आण. आठ दिस थांबतो," बापू म्हणाले.

सात सकाळी फुकट गेल्या. आठव्या दिवशी कोळ्यानं पतंग धरला, पण पार सावलीत. फ्लॅश मारावा तर सगळं पांढरंफटक होणार, आणि रिळात उरलेला फोटो एकच. भाकरी घेऊन आलेल्या जिवनबाईनं लेकाचं तोंड पाहिलं आणि डोईवरची आरशांची ओढणी उन्हात पसरून धरली. कवडसा नेमका कोळ्यावर पडला.

"याडी, हालू नको!" देवला आईला ओरडला.

बाईनं श्वाससुद्धा घेतला नाही.

बापूंनी आणखी दोन दिवस दिले आणि नांदेडहून रीळ धुऊन आलं. पतंगाच्या पंखावरचा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा असा फोटो! देवलाची छाती फुगली. बापूंनी तो लांब धरला, जवळ धरला आणि आत निघून गेले. बांध मात्र पेटला नाही.

दसऱ्याला बापू कडक धोतर, गुलाबी फेटा अशा थाटात स्टुडिओत आले आणि देवलाला थेट बांधावर घेऊन गेले. कोळी शोधला, त्याच्याशेजारी मांडी घालून ताठ बसले. इतके नवरदेव काढले, पण असा रुबाब देवलानं पाहिला नव्हता.

"बापू, इतक्या लांबून कोळी दिसायचा न्हाई. जवळून घेतला तर तुमचं तोंड कापलं जाईल."

"जाऊ दे की," बापू म्हणाले. "माझं तोंड समद्या गावानं पाहिलंय. त्याचं येऊ दे."