खुर्चीत शिवलेला कर

सोफ्यांच्या कारखान्यात तिला सगळे दाभण म्हणायचे. हातात कायम गाद्या शिवायची ती जाड सुई असायची म्हणून, आणि जीभही त्याच मापाची होती म्हणून. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली, पण शेठला तिने कधी सरळ "हो" म्हटलं नाही, "हो, पण" म्हटलं. एका दुपारी शेठने फाटलेल्या कापडाचे पैसे तिच्या मजुरीतून कापायचं काढलं. दाभणने कात्री टेबलावर आपटली.

"कापड तुमचं सडकं, स्पंज तुमचा सडका, आणि कापायला सापडली ती माझी मजुरी? बसा आता तुमच्याच सोफ्यावर!"

नवरा टेम्पो चालवणारा, सरळ माणूस. त्याने घाबरत विचारलं, "मग उद्यापासून काय?"

"उद्यापासून मीच शेठ."

जिन्याखालचा गाळा मिळाला. जागा एवढीशी की सोफा आत घेतला की दाभण बाहेर. पण हाताला यश होतं, कामं येत गेली. अडलं ते पहिल्याच गिऱ्हाइकाने "बिल द्या" म्हटलं तेव्हा. बिलं फाडायचा तो शेठचा मुनीम. दाभणने आयुष्यात फाडलं होतं ते कापड. घरात कारखान्याचं एक जुनं बिल होतं. ते छापखानेवाल्यापुढे टाकून ती म्हणाली, "हे असंच हवं. वरचं नाव तेवढं माझं घाल."

छापखानेवाला सांगितल्या कामाचा. त्याने तेवढंच केलं. खालची विक्रीकराची ओळ जशीच्या तशी आली. वरच्या कोपऱ्यातला शेठचा लांबलचक नोंदणी क्रमांकही आला. दाभणला त्यात काही वावगं दिसलं नाही. कारखान्याच्या झाडून सगळ्या बिलांवर वर्षानुवर्षं तोच आकडा, म्हणजे तो सरकारचाच असणार. पोलिसांचा नंबर नाही का, सगळ्या गावाला एकच!

धंदा कसा करावा हे शिकवणारे गल्लोगल्ली भेटतात. तो आकडा कुणाचा, हे सांगायला मात्र एकही फिरकला नाही.

गिऱ्हाइकं मुकाट्याने कर देऊ लागली. नवऱ्याने एकदा हळूच सुचवलं, "टेम्पोचं टायर गेलंय. तात्पुरते यातून..."

"हात लावून बघ. ते आपले नाहीत."

पण आपलं मनही टायरसारखंच, कधी बसेल सांगता येत नाही. म्हणून तिने एक जुनी खुर्ची घेतली, बैठकीतला स्पंज काढला आणि कराचे पैसे आत घालून वरून लाल दोऱ्याने शिवून टाकले. नवं बिल झालं की टाके उसवायचे, पैसे आत सारायचे, पुन्हा शिवायचं. पाठीवर खडूने लिहिलं : सरकार. बिलांची नक्कल दाभणाने सुतळीत ओवायची, की झाला हिशेब. माळ खुर्चीच्याच पाठीला लटकायची.

"घरात एक मऊ खुर्ची," नवरा म्हणायचा, "तीही सरकारने बळकावली."

मग विचारायचा, "पण हे भरायचे कधी?"

"मागायला येतील की! सरकार घ्यायचं कधी विसरलंय?"

सरकार आलं नाही. शेठ आला. हातात लिफाफा, तोंड लाल. आल्या आल्या त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"उठा! ते सरकार आहे!" दाभण ओरडली.

शेठ दचकून उठला. मग आपण का उठलो याचा त्याला जास्त राग आला. "माझा नंबर घालून बिलं फाडतेस? तू गाद्या शिवून दिल्यास त्या वसतिगृहाने बिलावरचा कर आपल्या हिशेबात दाखवला. कर-कार्यालय मला विचारतंय, हे पैसे कुठे आहेत?"

"तुमचा नंबर? मला वाटलं सरकारचा."

"फसवणूक म्हणतात याला. तक्रार केली तर गाळ्याला कुलूप." मग आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "पण आपण काय परके आहोत? सोमवारपासून कामावर ये. जुनीच मजुरी. आणि कराचे पैसे दे माझ्याकडे, मी भरतो."

शेठ गेला आणि दाभण जमिनीवरच बसली. ती जुनी मजुरी, तो सडका स्पंज, रोज सकाळी त्याच दारातून मान खाली घालून आत जायचं. हातातलं दाभण तिने बाजूला ठेवून दिलं. हे नवऱ्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"जा गं परत," तो म्हणाला. "तुरुंगापेक्षा बरं."

ती ताडकन उठली. "टेम्पो काढ. त्याने तक्रार करायच्या आधी मीच माझी तक्रार करते. माझ्याबद्दल मला जेवढं माहीत आहे, तेवढं त्या टोणग्याला कुठून ठाऊक असणार!"

कर-कार्यालयाच्या दारात शिपायाने अडवलं. "खुर्ची आत न्यायची नाही."

"मग तुमच्या साहेबांना बाहेर बोलवा. टाके त्यांच्यासमोरच उसवायचेत."

शिपायाने तिच्या हातातल्या दाभणाकडे पाहिलं आणि वाट दिली.

टेबलामागे चष्म्यावरून बघणाऱ्या एक बाई होत्या. "कुणाविरुद्ध तक्रार?"

"माझ्या."

दाभणने सगळं सांगितलं, शिव्या तेवढ्या वगळून, आणि टरटर टाके उसवले. सगळं कार्यालय फायली सोडून भोवती गोळा झालं. बाईंनी बिलांची माळ मांडीवर घेतली आणि एकेक बिल पुढे सरकवत हिशेब लावला.

"पैसे जास्त भरताहेत."

"सुट्टे नसले की मी अख्खी नोट टाकायचे. सरकारपुढे चिल्लर काय काढायची?"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "रोख आम्ही घेत नाही. बँकेत भरायचे."

"इतके दिवस नवऱ्याला बसू दिलं नाही, आणि तुम्हाला नकोत?"

"हवेत. बँकेतून. दुसऱ्याचा क्रमांक छापणं हा गुन्हाच आहे. पण तुम्ही आपणहून आलात, पैसे जागेवर आहेत. दंड होईल." त्यांनी आकडा कागदावर लिहून पुढे केला. नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेलं सगळं त्यात जात होतं. दाभणची जीभ प्रथमच टाळ्याला चिकटली.

"आणि... गाळ्याला कुलूप?"

"कुलूप कशाला? तुम्ही बंद पडलात तर पुढचा कर कोण भरणार? स्वतःचा क्रमांक घ्या, सगळ्यांना दुरुस्त बिलं पाठवा. आणि दर तिमाहीला भरायचं. आम्ही मागायला येत नाही."

"येता, येता! फक्त उशिरा येता," दाभण म्हणाली. जीभ सुटली होती.

क्रमांक मिळाला त्या दिवशी तिने रबरी शिक्का करून घेतला आणि टेम्पो आधी कारखान्यावर न्यायला लावला. शेठ मुनिमाशी बोलत होता.

"आलीस? सोमवार तर उलटून गेला."

दाभणने शिक्का दाबून कागद त्याच्या टेबलावर ठेवला. "हा माझा नंबर. नीट बघून घ्या. चोरायचा नाही."

घरी येऊन नवऱ्याने खुर्चीची पाठ पुसली, खडूतलं सरकार गेलं. मग तो ऐटीत खुर्चीत बसला आणि गुडघे हनुवटीला टेकेपर्यंत आत गेला.

"अगं, आत काहीच नाही!"

"सगळं बँकेत गेलं ना," दाभण जुन्याच मशीनमध्ये दोरा ओवत म्हणाली. "थांब, स्पंज आणते. बिल घेऊन."