बदामीची रंगीत तालीम

कुठेही न जाता थकूनभागून परत येण्याची कला माझ्या दाजींइतकी जगात कुणालाही साधलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बाकीचे लोक सहलीला जातात, दाजी आधी सहलीची तालीम घेतात. तालीम म्हणजे अगदी सामानासकट, डब्यासकट, रिक्षाने स्टेशनवर जाऊन गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहायचे. गाडी सुटली की तिला हात करायचा आणि घरी येऊन पाय शेकायचे. गेल्या वर्षी आम्ही बदामीला एकदा गेलो आणि तीनदा गेलो नाही. त्या तीन न जाण्यांचा शीण माझ्या अंगात अजून आहे.

मी स्वतः काही गबाळी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. एका शाळेच्या ऑफिसात माझी निम्मी हयात गेली. आमच्या फ्रिजवर कायम तीन याद्या असतात: आजची, आठवड्याची आणि आमच्या यांना सांगून उपयोग नाही अशा कामांची. माझी प्रवासाची यादी कुलपापासून सुरू होते आणि सुईदोऱ्यावर संपते. पण दाजींपुढे मी म्हणजे वाऱ्यावर सोडलेली बाई. माझी यादी त्यांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि म्हणाले, "सामान लई बरूबर घेतलंयस गं. पर ह्यात माणसं कुटं हायत? माणसं इसरली तर?"

माणसे विसरण्याची त्यांची भीती नोकरीतून आलेली. दाजी मालगाडीचे गार्ड होते. होटगी जंक्शनवरून खाली विजापूर, बागलकोट, बदामी, गदग अशी त्यांची आयुष्यभराची वाट. गार्ड बसतो शेवटच्या डब्यात, एकटा, सोबतीला एक काळी लोखंडी पेटी. पुढे काय येतेय ते ड्रायव्हरला दिसते. गार्डाला दिसते ते मागे गेलेले. त्यामुळे दाजींना जग पाठमोरे बघायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. रेल्वेत ते खिडकी सोडतील, पण उलट्या तोंडाची जागा सोडणार नाहीत. रिक्षात उलटे बसता येत नाही म्हणून मान मागे वळवून बसतात आणि रिक्षावाल्याला मागून काय काय येतेय ते सांगत राहतात. लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या शेवटी चालतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाची आत्या चप्पल शोधत मागे राहिली, तर दाजींनी शिट्टी फुंकून अख्खी वरात बँडसकट थांबवली होती. घोडासुद्धा थांबला. नवरदेव तेवढा पुढे कलंडला.

निवृत्त झाल्यावर रेल्वेची पेटी परत द्यावी लागली, तेव्हा दाजींनी तसलीच पेटी लोहाराकडून करून घेतली, काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत स्वतःचे नाव काढले. आत शिट्टी, हिरवे निशाण, लाल निशाण, बॅटरी, मलमपट्टी आणि एक निळी वही. या पेटीशिवाय ते दळण आणायलाही जात नाहीत असे अक्का म्हणते. हे जरा अतिशयोक्त आहे. दळणाला ते फक्त शिट्टी नेतात.

आता बदामी. लग्न झाल्या वर्षी दाजी ड्यूटीवरून आले की अक्काला सांगायचे, "आज गाडी बदामीला बाजूच्या रुळावर घालून ठेवली होती. डोंगर असा लाल हाय म्हणून सांगू! आत देव कोरल्यात म्हणं. पुढच्या खेपेला तुला नेतो." त्यानंतर गाडी शेकडो वेळा बदामीला बाजूला उभी राहिली. पण गाडी सोडून गार्ड कसा जाणार? त्यामुळे त्यांनीही त्या लेण्यांत पाऊल टाकले नव्हते. अक्काने लाल डोंगर ऐकला तो नवऱ्याच्या तोंडून, आणि एक अक्षर न बोलता तीस-पस्तीस वर्षे वाट पाहिली. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो खिडकीकडे धरून सांगितले, "दिवाळीनंतर ऑपरेशन. एक झाले की दुसरे. जिने शक्यतो बंद." बदामीची लेणी म्हणजे निव्वळ पायऱ्या. जायचे तर दिवाळीच्या आत, नाहीतर लाल डोंगर ऐकण्यावरच राहणार. हे आम्हा सगळ्यांना कळत होते, आणि अक्कापुढे कुणी बोलत नव्हते. कारण अक्काने जन्मात कुणाला "माझ्यासाठी थांबा" म्हटलेले नाही. थांबावे लागेल अशी नुसती शंका आली, तर ती घरीच राहिली असती.

तर पहिली तालीम. रशीदभाई म्हणून आमचे नेहमीचे रिक्षावाले. त्यांनी आम्हा चौघांना, म्हणजे दाजी, अक्का, आमचे हे आणि मी, आणि पाचवी ती पेटी, असे कोंबून सोलापूर स्टेशनवर पोहोचवले. दाजींनी आमच्या यांच्या पाठीवर लाल फडके पिनेने टाचले. "शेवटच्या डब्याला खूण लागती," ते म्हणाले. "लाल फडकं दिसलं की समजायचं, गाडी पुरी आली." आमचे हे बँकेत अधिकारी आहेत. पाठीवर फडके लावून ते फलाटभर हिंडले आणि नेमके त्यांचे साहेब भेटले. मग गाडी आली, सुटली, आम्ही हात केला. परत रिक्षाने सिद्धेश्वर तळ्यावर. "हे बदामीचं तळं हाय असं धरा," दाजी म्हणाले, "आन् बघा." अक्का म्हणाली, "आयुष्यभर बघतेच आहे की!" "ते सोलापूरचं म्हणून बघितलंस. आज बदामीचं म्हणून बघ." आम्ही पाच मिनिटे बदामीचे म्हणून बघितले. खोटे कशाला बोलू, जरा वेगळे दिसले.

दुसरी तालीम, स्टेशनवर गाडीला हात करून आल्यावर, माकडांची. बदामीला माकडे फार, असे दाजींना कळले होते. आमच्या गच्चीवर माकडाची भूमिका आमच्या यांना मिळाली. मी त्यांना समजावले, "अहो, फार जीव ओतू नका." पण बँकेतल्या माणसाला इतक्या वर्षांनी मोकळीक मिळालेली. पाण्याच्या टाकीवरून त्यांनी अशी काही झेप घेतली, की अक्काने घाबरून छत्री त्यांच्या डोक्यात हाणली. दाजींनी खूश होऊन वहीत लिहिले, "माकडाचा बंदोबस्त समाधानकारक." समोरच्या गच्चीवरच्या बाईंनी मला दुसऱ्या दिवशी हळूच विचारले, "यांना बरं आहे ना आता?"

तिसरी तालीम, पुन्हा स्टेशनवरून परत आल्यावर, पायऱ्यांची, आणि इथे माझे डोके फिरले. आमच्या इमारतीचा जिना चार वेळा चढायचा, उतरायचा. तेही धड चढू देतील तर! दहा-बारा पायऱ्या झाल्या की शिट्टी, लाल निशाण आणि "सिग्नल न्हाय! बसा!" मी म्हटले, "दाजी, इथे कसला सिग्नल?" "लाइन क्लियर न्हाय." "जिन्यात?" "जिन्यातच." आम्ही बसायचो. अक्का पदराने वारा घेत म्हणायची, "यांचं हे असंच बाई! चढू देत नाहीत मेलं सुखानं." दोन मिनिटांनी हिरवे निशाण. मी वैतागून घरी आले आणि ठरवले, बदामीला गेल्यावर पहिल्यांदा ती शिट्टी तळ्यात टाकायची.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सामान तपासायला अक्काकडे गेले. पेटीही यादीत होती, म्हणून उघडली आणि त्या निळ्या वहीचे पान सहज नजरेला पडले. दाजींनी बागलकोटच्या एका जुन्या सोबत्याला मुद्दाम बदामीला पाठवून लेण्यांच्या पायऱ्या मोजून घेतल्या होत्या. नुसत्या मोजून नव्हे, प्रत्येकीची उंची वितीने मापून. खाली दाजींच्या अक्षरात लिहिले होते: "पहिला टप्पा. लाल. बसणे. सावली आहे." त्याखाली: "पुढच्या पायऱ्या उंच. हात देणे. कारण: माझा चष्मा धूसर, मला दिसत नाही, असे म्हणणे." आणि त्याखाली: "इथे बसायला दगड ओबडधोबड. काहीतरी बघावे लागेल."

दाजी मागे उभे होते. मी म्हटले, "दाजी, सरळ अक्काला सांगा की हे."

"मग ती यायचीच न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्यापायी समदी खोळंबली, म्हणंल. मालगाडी थांबती बघ मधीच, रानात. कुणासाठी थांबली, कुणी इचारतं का? सिग्नल न्हाय, म्हणून थांबली. बास."

मी वही जागेवर ठेवली. माझ्या यादीत पहिल्यांदाच मला काही लिहावेसे वाटेना.

खरा दिवस उजाडला. स्टेशनवर उतरल्यावर रशीदभाई रिक्षा बंद करून निवांत बसले. "दाजी, मैं ठैरताऊं. तुमको वापस छोडनेका ना?"

"आज खरं चाललोय, रशीदभाई!"

"पिछली बारबी तुमी ऐसाच बोले थे," म्हणून ते आमच्यामागोमाग फलाटावर आले. गाडी सुटली आणि चौथ्या खेपेला आम्ही गाडीतून हात केला. रशीदभाई दोन्ही हात हलवत गाडीबरोबर धावत होते आणि ओरडत होते, "गये, गये! सच्ची गये!"

बदामीला लॉजवर पोहोचून बॅगा उघडल्या. माझ्या यादीतली बॅग क्रमांक तीन, आमच्या यांची, भरलेली, खूण केलेली. आत दोन उशा.

"हे काय?" मी विचारले.

"तालमीला कपडे कशाला चुरगळायचे, म्हणून उशा भरल्या होत्या," हे म्हणाले.

"आणि आज?"

"आज... सवयीनं उचलली."

तीन वेळा मी ती बॅग नुसती बाहेरून दाबून तपासली होती. याद्या करणाऱ्या बाईने यापेक्षा जास्त अपमान कधी सोसला नसेल. आमचे हे दोन दिवस दाजींच्या पायजम्यात वावरले. तो त्यांना पोटरीपर्यंत येत होता. मी त्या उशा खिडकीतून फेकणारच होते, पण दाजींनी त्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "दगडाचं काम झालं," ते पुटपुटले आणि दोन्ही उशा काखेत मारून लेण्यांकडे निघाले.

खाली माकडे होतीच. त्यांनी आमच्या तालमीचा काडीचाही मान राखला नाही. एका म्हाताऱ्या माकडाने मागून येऊन आमच्या यांच्या पाठीवर पुन्हा टाचलेले लाल फडके ओढले आणि कड्यावर जाऊन डोक्यावर घेऊन बसले. दाजी हवालदिल. "आता शेवटचा डबा कुठला, कळायचं कसं?"

अक्का म्हणाली, "मी येते की शेवटी. तुम्ही व्हा पुढं सगळे."

"मग मी पुढं कसा जाईन?" दाजी म्हणाले. "गार्ड शेवटच्या डब्यात असतो."

अशी आमची गाडी निघाली. शिट्टी, लाल निशाण, उशी. अक्का टेकायची, दाजी डोंगराकडे बघत सिग्नलची वाट बघायचे. उंच पायऱ्या आल्या तसे ते म्हणाले, "चष्मा धूसर झालाय, जरा हात दे मला," आणि अक्काने त्यांचा हात धरला. येणारे-जाणारे हसत होते. एका शाळेची पोरे तर आमचे लाल निशाण बघून आमच्याबरोबरच थांबली आणि हिरवे होताच ओरडत वर पळाली. तिसऱ्या थांब्यावर दाजी पाणी आणायला गेले, तेव्हा अक्का माझ्या कानाशी आली. "गुडघे किती दुखताहेत ते त्यांना कळू देऊ नकोस हां. मी सिग्नलसाठीच थांबतेय, असं वाटतंय त्यांना. वाटू दे." मी मान हलवली. दोन्हीकडची गुपिते सांभाळताना मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

अक्का सगळ्यात वरच्या लेण्यापर्यंत पोहोचली. कोरलेले देव तिने नंतर बघितले. आधी वळून खाली तळ्याकडे आणि समोरच्या लाल कड्याकडे बघत उभी राहिली.

"लई लाल हाय न्हाई?" दाजींनी विचारले. "मी सांगत होतो तसा?"

"तुम्ही कमीच सांगितलंत," अक्का म्हणाली.

परतीच्या गाडीत दाजी नेहमीप्रमाणे उलट्या तोंडाच्या जागेवर बसले. अक्काला उलटे बसले की गरगरते, म्हणून इतकी वर्षे ती त्यांच्या समोर बसत आलेली. त्या दिवशी ती उठली, उशी घेतली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गाडी हलली. लाल डोंगर खिडकीत मागे मागे सरकू लागला. "हितनं बरं दिसतंय की," अक्का म्हणाली, "जाताना लवकर संपत नाही."

दाजींनी पेटी उघडली, हिरवे निशाण काढले आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या हातात दिले. अक्काने ते खिडकीबाहेर धरले. मी हातातली यादी मिटली. डोंगर दिसेनासा झाला तरी निशाण बराच वेळ फडफडत होते.