झोळीची लाल पट्टी

बी.ए. झाले तरी नोकरी मिळेना, म्हणून मी मोबाइलवर डिझाइनचा एक ऑनलाइन कोर्स धरला. शिरूर कासारच्या आमच्या घरात रेंज फक्त जिन्यात यायची. तिथं बसून मी तोल, रंगसंगती, रिकामी जागा असले शब्द वहीत उतरवून घ्यायचे. इतकी वर्षं जे नुसतं दिसत होतं, त्याला आता नावं मिळत होती. मला त्याची जरा ऐटच चढली होती.

शेवटचा प्रकल्प असा होता: घरातल्या कुणी गरजेपोटी बनवलेली एखादी वस्तू निवडायची आणि तिच्या सौंदर्याबद्दल लिहायचं. माझी थोरली बहीण, अक्का, नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. तिच्या सामानात लेकराची झोळी होती. तीन काठ्या रोवून त्यांना टांगायची, खताच्या पांढऱ्या गोणीची, वर उन्हासाठी झडप आणि चारी कडांना रुंद लाल पट्टी. मी फोटो काढले. लिहिलं, की पांढऱ्यावरचा हा लाल नजर खेचून घेतो, साध्या वस्तूला सणाची कळा आणतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी ते तपासलं. भरभरून गुण पडले.

अक्का भाकरी करत होती. म्हणाली, "काय लिवलंस गं माझ्या झोळीवर? वाच की."

मी मराठीत करून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा ती भानावर आली.

"सण कशाचा गं," ती म्हणाली. "ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हनून हाय त्ये लाल."

मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षी त्यांच्या टोळीतल्या एका बाईनं लेकरू उसाच्या फडाच्या कडेला, जुन्या लुगड्यात गुंडाळून वाळल्या पाचटावर निजवलं होतं. लुगडं पाचटाच्याच रंगाचं. ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरला काही दिसलंच नाही.

"मला का सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

अक्कानं पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. "त्ये लुगडं मीच दिलतं तिला. मऊ हाय, घे म्हनले."

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात बसून प्रकल्प उघडला. मुदत संपली होती, आता एक अक्षरही बदलता येत नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, किती आनंदी वस्तू आहे ही. पुढं प्रमाणपत्र आलं. अक्कानं ते शेजारीपाजारी कौतुकानं दाखवलं. झोळीचा विषय मात्र तिनं काढला नाही. मीच एकदा विचारलं, "खरं काय ते लिहू का कुठं?"

"लिव. पर तिचं नाव घालू नगं."

दिवाळीआधी टोळी निघाली. ट्रकमध्ये अक्काशेजारी एक किडकिडीत बाई होती. अक्काचं लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि तिनं दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं होतं. अक्कानं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि ती कोण ते मला कळलं.

"मोबाइलवर शिकतीस ती तूच का?" त्या बाईनं विचारलं.

मी मान हलवली.

"शिक बाई," ती म्हणाली.

ट्रक हलला. मला हात वर करायचंही सुचलं नाही.