ऑइरिक बसत नाही

ऑइरिक मॅकिव्हरला बसलेलं कुणी पाहिलंय का, असं आमच्या बेटावरच्या गावात विचारलंत तर लोक आधी हसायचे आणि मग म्हणायचे, हो, मागावर. पण मागावर बसली तरी तिचे पाय चालूच असायचे, खटखट खटखट, ते काही बसणं नव्हे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती म्हणा ना. चहा ती उभ्याने प्यायची. जेवण चुलीपाशी, ताटली हातात धरून. कुणाकडे मयताला गेली तरी दोन मिनिटांत स्वयंपाकघरात शिरून दुसऱ्याच्या किटल्या घासायला लागायची.

आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे देवळात प्रभूच्या नावाने भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचे दिवस आले की मग तर विचारूच नका. गुरुवार ते सोमवार, रोज देवळात उपदेश, आणि बेटाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं यायची. घरोघरी पाहुणे. त्या दिवसांत आमच्याकडे दारात आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, मग तो ओळखीचा असो वा नसो. ऑइरिकच्या घरात पाहुण्यांची दाटी असायची. ती एकटी बाई, पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, मूल नाही, पण तिच्या हातचं मटणाचं सूप खायला लोक मुद्दाम तिच्याकडे उतरायचे. शब्बाथला, म्हणजे रविवारी, चुलीवर काही नवं शिजवायचं नाही, विहिरीचं पाणीसुद्धा ओढायचं नाही, म्हणून शनिवारी तिची कोण धावपळ!

एवढ्या सगळ्यांना वाढणारी ही बाई स्वतः मात्र प्रभूच्या टेबलाशी कधी गेली नव्हती. आता बाहेरच्याला हे नवल वाटेल, आम्हाला नाही वाटायचं. देवळात पुढच्या बाकांवर पांढरी कापडं अंथरलेली असायची, तेच टेबल. तिथे मोजकी माणसं. बाकीचं सगळं देऊळ मागे बसून बघायचं. चोर-लबाड होतो म्हणून नाही हो! आपली लायकी नाही म्हणून. ‘मी तयार आहे’ असं म्हणणं म्हणजे माज. जो जितका मागे बसेल तितका तो देवभीरू, अशी आमची समजूत. ह्या समजुतीपायी चांगली चांगली माणसं अख्खा जन्म त्या भाकरीकडे लांबून बघत राहिली.

त्यातला पहिला ऑइरिकचा बाप, टॉरमॉड. काय माणूस होता! सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, तोंडात कधी वाकडा शब्द नाही, आणि बसायचा सगळ्यात शेवटच्या बाकावर, दाराच्या फटीतून वारा यायचा तिथे. लोक त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगायचे, बघा, असं नम्र असावं.

आणि तो नम्र माणूस कसा गेला ते एकट्या ऑइरिकला माहीत होतं. शेवटच्या दिवशी त्याने तिचं मनगट असं घट्ट धरलं की वळ उठले. डोळे मोठे झालेले. म्हणाला, “ऑइरिक, मला आत घेतील का गं?”

ती जन्मभर ज्याच्याकडून देव शिकली तोच विचारत होता! ती म्हणाली, “थांबा बाबा, चहा आणते,” आणि स्वयंपाकघरात पळाली. चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. डोळे दाराकडे.

तेव्हापासून ती बसली नाही असं मी म्हणेन.

ह्या वर्षी शरदातल्या प्रभुभोजनाच्या आधीच डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. हृदयाची झडप खराब झालीय म्हणाले. ग्लासगोला जाऊन छाती उघडावी लागेल. मंगळवारची बोट ठरली. म्हणजे रविवारी भोजन आणि मंगळवारी ही निघणार. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आणि कामाला लागली. पण हातातली भांडी पडायला लागली. बटाटे सोलता सोलता तिला वाटायचं, मनगट कुणीतरी धरलंय. मरणाची भीती सगळ्यांनाच असते, तिला भीती होती ती बापासारखं मरायची. तो प्रश्न तोंडात घेऊन, आणि उत्तर द्यायला कुणी नाही.

एक वाट होती. शनिवारच्या उपदेशानंतर मंडळीचे वडीलजन, म्हणजे देवळाचा कारभार बघणारी जाणती माणसं, देवळाच्या मागच्या खोलीत बसतात. ज्याला टेबलाशी यायचंय त्याने तिथे जाऊन सांगायचं, मग ते शिशाचा एक छोटा बिल्ला देतात. तो बिल्ला दाखवला की पुढे बसता येतं. बस, एवढंच. पण ते दार ओलांडणं म्हणजे काय ते आमच्या माणसालाच कळेल.

शनिवारी ऑइरिक दारापर्यंत गेली. परत फिरली. देवळाला वळसा घालून पुन्हा आली, कडीला हात लावला आणि पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा दार आतूनच उघडलं आणि समोर फिनले उभा. हा वडीलजनांतला सगळ्यात जुना, स्तोत्राची ओळ आधी एकट्याने गाऊन देणारा, आणि चेहरा असा की लहान पोरं रस्ता बदलतात.

“काय गं?” फिनले म्हणाला.

“बटाटे,” ऑइरिकच्या तोंडून निघालं. “म्हणजे, फिनलेदादा, तुमच्याकडचे पाहुणे किती? बटाटे कमी पडत असतील तर माझ्याकडे आहेत, ते विचारायला आले.”

फिनलेने तिच्याकडे बघितलं. “बटाट्यासाठी देवळाला तीन फेऱ्या?”

“खूप आहेत बटाटे,” ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच घरी आली. स्वतःचा असा राग आला होता तिला! मरेन मी, म्हणत होती, मरेन मी अशीच बटाटे बटाटे करत.

घरी पाहुणे टेबलाभोवती जमलेच होते. मध्यभागी डोलिनामावशी, तिच्या आईची चुलत बहीण, दरवर्षी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून येणारी. ही म्हातारी चाळीसेक वर्षं प्रभूच्या टेबलाशी बसत आलेली, आणि सगळे तिला जवळजवळ संतच मानायचे, फक्त तिची जीभ सोडून.

“कुठे गेली होतीस? सूप लागलं खाली,” मावशी म्हणाली.

तेवढ्यात दारात सावली पडली. रूरी. शेजारचा रूरी मॉरिसन, एके काळी उत्तम खलाशी, आता सकाळपासून बाटली. टोपी हातात, दाढी वाढलेली, वास दारापासून आतपर्यंत. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“नाही, मी आत नाही येत,” रूरी म्हणाला. “सुपाचा वास आला म्हणून. इथेच एक वाटी दे, मी पायरीवर खाईन. इतकी चांगली माणसं बसलीत, मी ह्या अवतारात...”

“ये आत!” ऑइरिक कडाडली. सगळा राग त्याच्यावरच निघाला. “पायरीवर खायला तू कुत्रा आहेस? दोन दिवस पोटात अन्न नाही, तोंडावर दिसतंय. अवतार काय बघायचाय मला? तुला स्वच्छ होऊन, दाढी करून यायचं असतं तर तू जन्मात आला नसतास. भूक लागलीय ना? मग बस. जेव आधी. लाजायचं ते नंतर लाज!”

तिने त्याचा खांदा दाबून त्याला बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं, ओटची भाकरी मोडून हातात दिली. रूरीचा हात इतका थरथरत होता की सूप सांडलं. तिने ते नुसतं पुसलं आणि पुन्हा वाढलं.

डोलिनामावशीने चमचा खाली ठेवला.

“ऑइरिक.”

“काय मावशी? मीठ कमी आहे?”

“तू आत्ता ह्याला काय म्हणालीस?”

“काय म्हणाले? जेव म्हणाले.”

“आणि हे तुला तुझ्या घरात कळतं,” मावशी म्हणाली, “आणि देवाच्या घरात कळत नाही. तुझं घर त्याच्यापेक्षा मोठ्या मनाचं आहे वाटतं?”

ऑइरिक हातात पळी घेऊन उभीच राहिली. सूप पळीतून थेंब थेंब जमिनीवर पडत होतं.

“तुम्हाला काय, मावशी,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही निर्धास्त जाता तिथे.”

“निर्धास्त!” मावशी फणकारली. “अगं, दरवर्षी माझे गुडघे एकमेकांवर आपटतात. शेजारणीला ऐकू जात असतील. भीती गेली म्हणून मी नाही जात, बाई. भूक लागते म्हणून जाते. पळी ठेव आणि जा. इथलं मी बघते. जा म्हणते ना!”

आणि ऑइरिक ॲप्रन न सोडताच गेली.

खोलीत उपदेश करणारे पाळक आणि वडीलजन उठायच्या बेतात होते. ॲप्रन बघून एकाला हसू आलं ते त्याने खोकल्यात लपवलं. पाळकसाहेब तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी विचारलं, “तुम्हाला का यावंसं वाटतं, ऑइरिकबाई?”

रस्त्याने येताना तिने चांगलं उत्तर जुळवलं होतं, कृपा, पश्चात्ताप, सगळं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “मी बाबांसारखी जाईन अशी भीती वाटते. ते शेवटी विचारत होते, मला आत घेतील का. आणि मी काही बोलले नाही.”

मग फिनलेने मान खाली घातली. त्याचा तो दगडी चेहरा कसानुसा झाला.

“टॉरमॉडला मी कधी बोलावलं नाही,” तो म्हणाला. “इतकी वर्षं तो मागे बसलेला बघितला. वाटायचं, एवढा भला माणूस, येईल आपला आपण.” त्याने पेटीतून एक बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं स्वतःच मिटवली.

रविवारी देऊळ खच्चून भरलं होतं. ऑइरिक शेवटच्या बाकावर, बापाच्या जागी. मुठीत बिल्ला घामाने ओला. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे आधी टेबलाला कुंपण घातलं, म्हणजे कुणी येऊ नये ते सांगितलं. लबाडाने, निंदा करणाऱ्याने, मनात वैर धरणाऱ्याने. प्रत्येक शब्दाला ती मनात स्वतःचा हिशोब करत होती. निंदा? कालच केली, फिनलेच्या बायकोच्या टोपीची. मग त्यांनी सांगितलं, ज्याला स्वतःची लाज वाटते आणि तरी ज्याला प्रभू हवा आहे, त्याने यावं.

स्तोत्र सुरू झालं. आमच्याकडे ते चालू असतानाच पुढे जायचं असतं. फिनले उभा राहून एकट्याने ओळ ओढायचा आणि मागून सगळं देऊळ ती उचलायचं, जो तो आपापल्या वळणाने. डोलिनामावशी उठली, काठी टेकत गेली. आणखी चार-दोन गेले. ऑइरिकचे पायच उठेनात! जन्मभर एका जागी न टिकलेले पाय, नेमके आज खिळल्यासारखे. एक कडवं संपलं. दुसरं संपलं. पुढची माणसं बसली, वाट मोकळी झाली. संपलं, तिला वाटलं. झालं. आता दार बंद.

फिनलेने देवळाच्या शेवटापर्यंत नजर टाकली. आता थांबायचं, असा रिवाज. तो थांबला नाही. त्याने आणखी एक कडवं उचललं. लोक चपापले, पण पाठोपाठ गायले. ते संपलं तर आणखी एक. म्हाताऱ्याचा आवाज फाटायला लागला होता, चेहरा लाल झाला होता, आणि नजर तिच्यावरून हटत नव्हती. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणी मागे वळून बघितलं नाही, तेवढी रीत आहे आमच्याकडे, पण गाणं मोठं झालं. सगळं गाव तिच्यासाठी गात थांबलं होतं.

अगं बाई, ऑइरिकच्या मनात आलं, ह्या म्हाताऱ्याचा घसा बसेल माझ्यापायी!

आणि ती उठली. कशी चालली ते तिला आठवत नाही. पांढऱ्या कापडाशी मावशीने सरकून जागा केली. तिने बिल्ला दिला, भाकरीसाठी हात पुढे केला. कुणी हात मागे ढकलला नाही. भाकरी साधीच होती, जराशी कोरडी. तिने खाल्ली, आणि तिला रडू आलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

घरी आल्यावर कालचं सूप गरम झालं. पाहुणे बसले. ऑइरिक सवयीने चुलीकडे वळली, मग मध्येच थांबली. खुर्ची ओढली आणि बसली. सगळे घास तोंडाशी धरून बघत राहिले.

“मग वाढणार कोण?” डोलिनामावशीने विचारलं.

“रूरी वाढेल,” ऑइरिक म्हणाली. “काल फुकट जेवलाय.”

रूरी उठला, बिचारा. आज दाढी केलेली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. त्याने पळी धरली आणि पहिली वाटी तिच्या पुढ्यात ठेवली.

“मावशी,” ऑइरिक म्हणाली, “बाबांनी विचारलं तेव्हा मी चहा करायला गेले हो. ते उपाशी गेले. टेबल मांडलेलं होतं आणि ते उपाशी गेले.”

मावशीने तिचा हात हातात घेतला. ह्या वेळी काही टोचून बोलली नाही. “ज्याने तुला आज घेतलं,” ती म्हणाली, “तो टॉरमॉडला दारात उभं ठेवेल असं वाटतं तुला?”

ऑइरिकने समोरच्या दाराकडे बघितलं. तिथे मंगळवारची बॅग होती. छातीत धडधड होतीच, डॉक्टर म्हणाले होते तशी, आणि भीतीही होती. पण मनगट मोकळं होतं.

“घेतील, बाबा,” ती म्हणाली. “आत घेतील तुम्हाला.”

मग तिने चमचा उचलला आणि बसून जेवली, वाटी रिकामी होईपर्यंत, आणि रूरीपुढे वाटी धरून आणखी मागितलं.