तीन नंबरचा थर्मामीटर

मानपाड्याजवळच्या ज्या रंगाच्या कारखान्यात काळुराम कामाला होता, तिथे पूर्वी त्याच्या बापाचं भातखाचर होतं. जमीन एमआयडीसीत गेली, बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, आणि दहावी नापास काळुराम गेजरूमला लागला. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे ठरल्या मुदतीत उतरवायचे, मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या प्रमाण उपकरणाशी, ताडून बघायचे, फरक कार्डावर लिहायचा. अठरा वर्षं त्याने हेच केलं. काटा कसा थरथरतो ते बघून तो सांगायचा, "हिची स्प्रिंग गेली."

शहाण्णव साली कारखान्याला आयएसओचं सर्टिफिकेट हवंसं झालं. क्वालिटीच्या शुभदा मॅडमनी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे या ताडणीच्या, नोंदींसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम घ्यायचं काढलं. दोन कंपन्यांची माणसं दाखवायला आली तेव्हा त्यांनी काळुरामलाही बसवून घेतलं.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये ताडलेले आकडे भरल्याशिवाय पुढची तारीख पडतच नव्हती. मुदत टळलेल्या उपकरणाचं नाव लाल व्हायचं आणि लालच राहायचं. दुसऱ्यात एक सोय होती. एक बटण दाबलं की अख्खी यादी 'तपासली' म्हणून नोंदली जायची, तपासणाऱ्याच्या नावासकट.

"मॅडम, पयला घ्या," काळुराम म्हणाला. "दुसऱ्यात न बघताच बघितलं म्हणता येतंय."

"पटतं मला. पण ऑडिट दीड महिन्यावर आलंय. प्रॉडक्शनवाले रिॲक्टर थांबवून तुम्हाला गेज देत नाहीत. निम्मी यादी लाल दिसली तर सर्टिफिकेट कोण देईल?"

दुसरा घेतला. कार्डं रद्दीत गेली.

माल शिजवायच्या तीन नंबरच्या रिॲक्टरवरच्या काट्याच्या थर्मामीटरची मुदत दिवाळीलाच संपली होती. काळुरामने तो दोनदा मागितला. दोन्ही वेळा प्रॉडक्शनवाल्यांचं एकच उत्तर, "बॅच चालू हाय, नंतर ये." ऑडिटच्या आदल्या दिवशी मॅडमनी ते बटण दाबलं. सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले. काळुरामनेही एक खाल्ला.

फेब्रुवारीत तो थर्मामीटर वीस अंश कमी दाखवत होता. ऑपरेटर मारुती काट्याकडे बघत वाफ वाढवत गेला, आतला माल उकळला आणि झाकण उडवून त्याच्या अंगावर आला. तो आणि काळुराम अकरा वर्षं एकत्र डबा खायचे. काळुराम हॉस्पिटलात गेला तेव्हा मारुतीचे फक्त डोळे उघडे होते.

"काळुदादा, काटा ऐंशीवरच होता. मी नीट बघितलेला. माझी चूक नाय ना?"

"नाय रे. तुझी नाय."

तिसऱ्या दिवशी मारुती गेला.

चौकशीच्या आधी शुभदा मॅडमनी काळुरामला जिन्यात गाठलं. "काही बोलू नका. नोकरी राहील तुमची. मारुतीच्या बायकोलाही कामावर घेणार आहेत."

चौकशीत मॅनेजरने कॉम्प्युटरचा कागद पुढे सरकवला. थर्मामीटर ठीक, तपासणारा काळुराम. म्हणजे चूक ऑपरेटरची.

"तो मी उतरवलाच नव्हता, साहेब," काळुराम म्हणाला. "मारुतीनं बरोबर बघितलेलं. काटाच खोटा होता."

"मग तुमचं नाव इथे कसं?"

"बटण दाबलं की पडतंय."

"कोणी दाबलं?"

त्याने मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या घरी दोन लहान मुलं, नवरा बिछान्याला खिळलेला. काळुरामला ते ठाऊक होतं. त्याने नाव घेतलं नाही. त्या बोलतील म्हणून थांबला. त्या बोलल्या नाहीत.

मारुतीवरचा ठपका निघाला. खोटी नोंद केली म्हणून काळुरामला काढून टाकलं.

तो मारुतीच्या घरी गेला. मारुतीच्या बायकोने, शेवंतीने, त्याला दारातच अडवलं.

"कागद वाचून दाखवला मला. तुमचंच नाव होतं त्याच्यात. तुम्ही बघितलं असतं, तर हे असते."

काळुराम चपला घालून निघाला.

पुढे शीळफाट्याच्या एका गोदामावर त्याला रखवालदारी मिळाली. मॅडमनी वर्षभरात नोकरी सोडली. शेवंती कारखान्यात पॅकिंगला लागली. बाजारात काळुराम दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते. त्याने तिला एकदाही हाक मारली नाही.