उचलायची सायकल

सायकलवरचं सामान उतरवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हिवरखेडच्या देवमन मिस्त्रीने जन्मात एकदाच पाहिलं, आणि ती होती दवाखान्यातली नर्सबाई. बाकी सारी दुनिया त्याच्या दुकानात सामान चढवायला यायची. बासष्ट सालची गोष्ट. तेव्हा वऱ्हाडात सायकलचा थाट काही विचारू नका. मुठींना रंगीत झुबके, चाकांत कागदी फुलं, पुढे दिवा, मागे कॅरिअर, दोन्हीकडे आरसे आणि सीटला मखमली खोळ. मालक कळकट असला तरी चालेल, मडगार्ड चकाकलं पाहिजे. अशा दिवसांत शालूबाई तायडे आपली धडधाकट सायकल दुकानासमोर आडवी घालून म्हणाल्या, की दोन्ही मडगार्ड काढा.

शालूबाई मूळच्या चांदूर रेल्वेच्या. वडील डोमाजी रेल्वेत गँगमन. रुळांच्या कडेने जी हातभर रुंदीची पायवाट जाते, तिच्यावर त्यांनी लेकीला सायकल शिकवली. एकीकडे खडी, दुसरीकडे नाली. पडायला जागाच नव्हती म्हणून पोरगी पडली नाही, असं डोमाजी मोठ्या ऐटीत सांगत. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत येतानाच डोमाजींनी ठरवून टाकलं की हिला नोकरीच्या शिक्षणाला घालायचं. राजापेठेत एका खोलीत राहून शालूबाईंनी अमरावतीला नर्सचं शिक्षण पुरं केलं. हिवरखेडला रुजू व्हायला निघाल्या तेव्हा बापाने आपली सायकल गार्डाच्या डब्यात चढवून दिली. ती पुरुषांची, मधे आडवी दांडी असलेली. शालूबाईंना त्याचं काही वाटलं नाही. आईचं नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसलं की दांडीवरून पाय टाकणं सोपं होतं. सरकारी पांढरं पातळ पिशवीत असायचं. गाव आलं की ते नेसायचं. लोक चार महिने डोळे फाडून बघत राहिले, मग कंटाळले.

आता मडगार्डाने काय घोडं मारलं होतं ते सांगतो. हिवरखेडहून चिंचखेड चार कोस. वाट बरीचशी मुरमाड, तिच्यावर सायकल नुसती उडते. पण मधे काळ्या मातीचे दोन पट्टे आहेत आणि गावाच्या अलीकडे लेंडीनाला. उन्हाळ्यात ही वाट तासाभराची. पावसाळ्यातली काळी माती ज्याने तुडवलेली नाही त्याला ती सांगून समजायची नाही. चाकाचे दहा फेरे होत नाहीत तोच मडगार्डात माती ठासून भरते आणि चाक जाम होतं. मग ती सायकल चालत नाही आणि ढकललीही जात नाही.

आदल्या वर्षी भादव्यात शालूबाई चिंचखेडच्या एका बाळंतिणीसाठी निघाल्या आणि पहिल्याच पट्ट्यात फसल्या. काडीने माती उकरायची, चार पावलं जायचं, पुन्हा उकरायची. यात दोन तास गेले. त्या पोचल्या तेव्हा गावची सुईण पार्बताबाई ओट्यावर हात धुऊन बसली होती. बाई वाचली होती, लेकरू गेलं होतं. पार्बताबाई रागावली नाही. अर्धा घंटा आधी आल्या असत्या तर, एवढंच म्हणाली आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. ते अर्धं वाक्य वर्षभर शालूबाईंच्या मानगुटीवर बसून होतं.

यंदा आषाढात पुन्हा त्याच गावातून निरोप आला. गावातली निम्मी काळी जमीन ज्यांच्या मालकीची ते खुशालराव पाटील. त्यांची सून लीला पहिलटकरीण होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. शालूबाईंनी पोट तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की मूल उलटं आहे, डोकं वर आणि पाय खाली. भादव्याच्या आधी हिला अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवा. खुशालरावांनी ते हसण्यावारी नेलं. पाटलाची सून अकोल्याला बाळंत व्हायची म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे बोलणं ओसरीवर झालं. शालूबाईंना चहा मिळाला तो ओसरीच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. तो कप कोणासाठी ठेवलेला असतो हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना राग आला. पण आत एक अवघडलेली पोरगी होती, म्हणून त्यांनी चहा घेतला. वर आढ्याला दोरखंडांनी एक सायकल टांगलेली होती, धोतरात गुंडाळून. भगवंताला, म्हणजे खुशालरावांच्या मुलाला, लग्नात मिळालेली. पावसाळ्याचे चार महिने तिचं चाक जमिनीला लागत नसे.

"बाई," खुशालराव म्हणाले, "भादव्यात या वाटेनं माहे बैल येत नाही. तुमी येसान?"

"येईन. पण पाणी उकळेल पाहिजे. मी नाल्यावर घंटी वाजवीन, तवाच चुलीवर ठेवा."

"आल्या तं हे गाव तुमचं. नाही आल्या तं पुन्हा या पायऱ्या चढू नका."

शालूबाई हो म्हणून उठल्या आणि थेट देवमनच्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या.

देवमनला वाटलं, बाईंना मडगार्ड बदलून नवी हवी असतील. मग कळलं की बदलायचं काहीच नाही, नुसतं काढायचं आहे. मडगार्ड, साखळीवरचं झाकण, स्टँड, कॅरिअर, दिवा. तो पाना हातात धरून बसून राहिला.

"बाई, तुमी सायकल सुधरून राहिल्या का उघडी करून राहिल्या?"

"देवमनभाऊ, मले ते मिरवायची नाही. उचलायची हाये."

वर्षभर त्यांनी त्या वाटेचा हिशेब मनात घोळवला होता. चार कोसांपैकी तीन कोस सायकल आपल्याला नेते, उरलेला कोसभर आपण सायकलला न्यायचं. पट्टा आला की चालवण्याचा हट्ट सोडायचा, दांडीखाली खांदा घालायचा आणि सरळ चालू लागायचं. मग ती जितकी हलकी तितकी चांगली. देवमनने उतरवलेलं सामान हिरमुसून तराजूत टाकलं, तर पाच शेर भरलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. पुढची युक्ती तर त्याचीच. बाभळीचे काटे लागू नयेत म्हणून त्याने जुन्या टायरच्या पट्ट्या कापून आतून बसवल्या, आणि चढावर दम लागू नये म्हणून मागे जास्त दातांची चकरी घातली. शालूबाईंनी दांडीला जुन्या गोधडीची चिंधी गुंडाळली, खांदा सोलवटू नये म्हणून. शेवटी देवमनचा पाना घंटीकडे वळला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. घंटी तेवढी राहिली.

बाजारात हसू झालं. कोणी म्हणालं सायकलला उपास घडला, कोणी म्हणालं नर्सबाईंनी हाडं तेवढी ठेवली. शालूबाई रोज सकाळी तीच हाडं खांद्यावर घेऊन दवाखान्यामागच्या वावरात धुऱ्यापर्यंत, थेट बांधापर्यंत जात आणि परत येत. पोळ्यापर्यंत त्यांचा खांदा तयार झाला.

भादव्यात एका सकाळी खुशालरावांचा गडी नत्थुजी चिखलाने माखून दवाखान्यात आला. पहाटेपासून लीलाला कळा सुरू होत्या आणि तो तीन तास चालत आला होता. शालूबाईंनी त्याला पाणी दिलं, मागून सावकाश या म्हणून सांगितलं, बॅग पाठीला बांधली आणि निघाल्या.

मुरमाड वाट भुर्रकन सरली. पहिला पट्टा आला तशा त्या उतरल्या, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागल्या. पाय नडगीपर्यंत रुतत होते, पण पाय ओढून काढता येतात. पलीकडे चाकांना चिकटलेली थोडी माती दोन फेऱ्यांत उडून गेली. तिला अडकायला आता जागाच नव्हती. गेल्या वर्षी जिथे बसून काडीने उकरलं होतं ती बाभूळ मागे पडली, तेव्हा शालूबाई एकट्याच मोठ्याने हसल्या. दुसरा पट्टाही तसाच गेला. लेंडीनाल्याला मांडीभर पाणी होतं. बॅग डोक्यावर, सायकल खांद्यावर, अशा त्या पार झाल्या आणि काठावर उभं राहून त्यांनी घंटी वाजवली. अंगठा दुखेपर्यंत वाजवली. मग उतारावर घाई केली ती नडली: पुढचं चाक दगडावर आदळलं आणि रिंग वाकली. सायकल तिथेच आडवी टाकून त्या गावात पळत शिरल्या.

चुलीवर पाणी आधणाला आलं होतं. पार्बताबाईने दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

मूल खरंच पायाकडून येत होतं. पार्बताबाई ओढायला निघाली तर शालूबाईंनी तिला थांबवलं. अशा वेळी ओढायचं नसतं, हात तयार ठेवून वाट पाहायची असते. लीलाला धीर देत, पार्बताबाईला पोटावर हात कुठे ठेवायचा ते सांगत त्यांनी वाट पाहिली, आणि डोकं यायच्या घडीला हात बरोबर चालवले. मुलगी झाली. निळसर होती, पाठ चोळल्यावर ती अशी रडली की ओसरीवर खुशालरावांपर्यंत ऐकू गेलं.

नत्थुजी पोचला तेव्हा घरात गूळ वाटणं चाललं होतं. बाई आली का, असं त्याने दारातच विचारलं आणि सगळे हसले.

शालूबाई पांढरं पातळ नेसून ओसरीवर आल्या. चहा या वेळी आतून आला, घरच्यांच्या कपांतल्या एका कपात. कोनाड्यातला कप कोनाड्यात राहिला. शालूबाईंना ते कळलं आणि त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश संपवला. मग त्यांनी निघायचं म्हटलं. रिंग वाकली आहे, पायी जाईन, संध्याकाळच्या आत पोचेन.

खुशालराव उठले. दोरखंड सोडून त्यांनी आढ्यावरची सायकल खाली घेतली, धोतर ओढून काढलं आणि पाना मागवला. भगवंत काहीतरी बोलायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच मागे सारलं. मग पाटील अंगणाच्या चिखलात बसले आणि पुढच्या मडगार्डाला पाना लावला.

"हे?"

"काढा."

मागचं मडगार्ड गेलं, झाकण गेलं, कॅरिअर, दिवा, आरसे, झुबके. प्रत्येक वेळी ते विचारत होते आणि शालूबाई मान हलवत होत्या. शेवटी पाना घंटीवर आला.

"ते राहू द्या, पाटील," शालूबाई म्हणाल्या. "ते वाजली का कुठंतरी पाणी चुलीवर चढते."

खुशालरावांनी घंटी अंगठ्याने दाबून पाहिली. तिचा स्क्रू सैल होता. तो त्यांनी घट्ट आवळला आणि सायकल उचलून शालूबाईंच्या खांद्यावर दिली.